ठोकेबाईंचा आराम

पाहुणं माणूस घरात आलं की आधी पायांवर पाणी घेतं, मग टेकतं, मग चहा. या बाईंनी चपला काढल्या आणि सरळ माझ्या सासूबाईंचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात घड्याळ, डोळे घड्याळावर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा हात चारचौघांत असा मामंजींनीही कधी धरला नसेल. बाईंनी तो मिनिटभर तसाच धरून ठेवला. मग बाई म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशी. खोली कुठली?"

त्या पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या. एम.एस्सी. कधीच झाली होती, आता चाळिशीत पीएच.डी. करायला घेतली होती. माणसाचं शरीर आतून कसं चालतं, हा त्यांचा विषय. त्यातही शेतात राबणाऱ्या बाईचं काळीज कामात किती पळतं आणि काम थांबल्यावर किती वेळात ठिकाणावर येतं, ते त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी तीस बायका हव्या होत्या आणि राहायला खोली. कळंबला आमच्या घराची ओटीला लागून असलेली एक खोली रिकामी होती. सत्त्याण्णव साली त्या आल्या. नाव मालतीबाई, पण आठवड्यात गावाने ठोकेबाई करून टाकलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे."

सामानात एक वळकटी, चार साड्या, पाऱ्याचं ब्लडप्रेशरचं मशीन, कानात घालायची नळी, एक लाकडी पायरी आणि घड्याळासारखं टकटक करणारं एक यंत्र. त्या टकटकीवर बाईने पायरी चढायची आणि उतरायची, पाच मिनिटं. आमची शेजारीण हिराबाई पहिल्या दिवशी चढून-उतरून घामाघूम झाली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "चढले बी, उतरले बी, पन पोचले कुटंच न्हाई."

ठोकेबाई हसल्या नाहीत. त्या मोजत होत्या.

मला त्यांनी आकडे लिहायला बसवलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण आकडा माझा सुबक आहे आणि मी मधे बोलत नाही. बाईंना दोन्ही पसंत पडलं. त्यांची दोन वाक्यं मला अजून झोपेतून उठवली तरी येतील. "अंदाज नको, आकडा सांगा," हे एक. आणि मोजताना चुकलं, कुणी शिंकलं, कुत्रं भुंकलं, की दुसरं, "पहिल्यापासून." हिराबाईला वय विचारलं तर ती म्हणाली, धाकट्या नणंदेपेक्षा दोन दिवाळ्या मोठी. मग नणंदेचं वय निघालं, ते तांबड्या गाईच्या वेतावरून. ती गाय तेव्हा मरून बरीच वर्षं झाली होती. बाईंनी एक अख्खी सकाळ घालवली, पण अंदाज लिहू दिला नाही.

घरातही तेच. दूध उतू जायला किती वेळ लागतो, ते त्या चुलीशी उभ्या राहून मोजायच्या आणि दूध उतू जाऊ द्यायच्या. मामंजींची नाडी रेडिओवर बाजारभाव लागले की चढते, हे त्यांनी मामंजींना सांगितलं. तेव्हापासून मामंजी बाजारभाव ऐकताना दोन्ही हात काखेत घालून बसायला लागले. स्वतःची नाडीही त्या रोज सकाळी मोजायच्या. पण वहीत नाही, मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "स्वतःची स्वतः मोजलेली धरत नाहीत. दुसऱ्याने मोजावी लागते."

एकदा हिराबाईने लग्नाचं विचारलंच. तिला राहवत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा बघायला येणार होते. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं." हिराबाई म्हणाली, "मंग?" बाई म्हणाल्या, "प्रॅक्टिकल चांगलं झालं."

एक गोष्ट मात्र त्यांना कळायची नाही. मनगट पुढे करा म्हटलं की आमच्या बायका बोटं एकत्र चिमटून, अंगठा आत दुमडून हात पुढे करायच्या. कासारणीपुढे बांगड्या भरायला धरतात तसा. दर वेळी बाई बोटं मोकळी करायच्या आणि बाया परत आवळायच्या. आमचा हात दुसऱ्या कुणी धरायचा तो बांगड्या भरतानाच, म्हणून ती सवय.

वर्षभर मोजणी चालली. आधी आरामातली नाडी, मग पायरीची, मग रानात कांदा काढताना, खुरपताना. आरामाची पद्धत अशी, की बाईने खोलीतल्या खाटेवर दहा मिनिटं आडवं पडायचं, काही करायचं नाही, मग ठोकेबाई मोजणार. तीस बायकांचे सगळे आकडे भरले आणि ठोकेबाई वह्या घेऊन पुण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या त्या वेगळ्याच. आल्या, चपला काढल्या आणि कुणाचंच मनगट धरलं नाही. त्या लाकडी पायरीवर जाऊन बसल्या. आत्याबाईंनी चहा दिला, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी मला सांगितलं. त्यांना शिकवणारे सर म्हणाले होते, की धडधाकट, कष्टाच्या बायकांची आरामातली नाडी नव्वदीच्या वर असूच शकत नाही. तीसच्या तीस बायका आजारी आहेत, नाहीतर तुमची मोजणी चुकली. पावसाळ्यापर्यंत नीट आकडे आणा, नाहीतर मुदत संपते, विषय बंद करा.

"माझी मोजणी चुकत नाही, सुमनताई," बाई म्हणाल्या. आवाज साधाच होता. मग त्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधायला लागल्या.

आता खरं सांगायचं तर काय चुकतंय ते मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मी तिथंच तर बसलेली असायचे. बाया खाटेवर पडायच्या त्या पाय पोटाशी घेऊन, पदर कपाळावर ओढून, डोळे दाराकडे लावून. दारापलीकडे ओटीवर मामंजी खोकायचे. आत्याबाई दोनदा डोकावून जायच्या. खाटेवरची बाई मनात धारा काढत असायची, शेळी सोडत असायची, आपल्याला असं लोळताना कुणी बघितलं तर काय म्हणेल ते ऐकत असायची. पीएच.डी. करणाऱ्या बाईला मी काय सांगायचं, म्हणून गप्प राहिले. एक वर्ष गप्प राहिले.

त्या दिवशीही मला बोलता आलं नसतं. मी आत गेले, सुपात बाजरी घेतली आणि मागच्या पडवीत बसले. खडे निवडायला लागले. पाच-दहा मिनिटं झाली तशी हाक मारली. बाई आल्या. मी डावा हात पुढे केला, उजव्याने निवडत राहिले.

"बाई, माजी मोजा आता."

त्यांचं मन नव्हतं, पण कुणी मनगट पुढे केलं तर त्यांना नाही म्हणता येत नसे. मिनिट झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पहिल्यापासून." परत मोजलं. परत तेच.

"सत्तर," त्या म्हणाल्या. "खाटेवर तुमची शहाण्णव होती."

मी सुपाकडे बघूनच बोलले. "बाई, आमच्यात दिवसाउजेडी आडवी पडलेली बाई म्हंजे एकतर बाळंतीण, न्हाईतर आजारी. तुमी निजवता तवा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. आमी बसून निवडतो ना, तोच आमचा आराम."

आत्याबाई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "खरंय तिचं. मी तर बाळंतपणातबी बसून निवडायची," आणि त्याही सूप घेऊन बसल्या. "माजी बी मोजा. त्या दिशी अठ्ठ्याऐंशी म्हनाला व्हता, ते मला पटलं न्हाई."

ठोकेबाईंनी गठ्ठ्याची सुतळी सोडली.

पुढचे दोन महिने आमच्या पडवीत तीस बायकांनी आळीपाळीने धान्य निवडलं. आमची बाजरी पहिल्या चार दिवसांत संपली. मग ज्वारी, मग हरभरा, मग हिराबाईने स्वतःच्या घरचं पोतंच आणून टाकलं, म्हणाली, मोजून घ्यायचंच हाय तर माजंच निवडून होऊ द्या. आळीतल्या बायका यादीत नाव नसतानाही सूप घेऊन यायला लागल्या. त्यांना हात पुढे करायचा नसायचा, नुसतं बसायचं असायचं. ठोकेबाईंनी खाटेवरचे आकडे टाकून दिले नाहीत. ते एका रकान्यात आणि निवडतानाचे शेजारच्या रकान्यात, असे मांडले. सर म्हणाले, निवडणं हे कामच झालं, त्याला आराम कसं म्हणता? बाईंनी सांगितलं, "सर, तुमच्या घरी विचारून बघा." हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. सरांनी घरी विचारलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या खेपेला वह्यांवर सही झाली.

निघायच्या दिवशी त्यांचं सामान ओटीवर बांधून ठेवलं होतं. मंचरहून जीप यायची होती. मी चहा सांगायला म्हणून मागे गेले, तर ठोकेबाई पडवीत बसलेल्या. मांडीवर माझं सूप. सुपात मूठभर तांदूळ, तेही निवडलेलेच. त्या त्यातच बोटं फिरवत होत्या.

"सुमनताई, वेळ आहे का? माझी मोजा."

त्यांनी डावा हात पुढे केला. घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण होती, बाकी हात मोकळा. आणि बोटं चिमटून, अंगठा आत दुमडून धरलेली होती, कासारणीपुढे धरतात तशी. सव्वा वर्षात आमचं बघून शिकल्या होत्या, का सगळ्याच बायकांचा हात आपोआप तसा होतो, कोण जाणे. मी ती बोटं मोकळी केली नाहीत.

नाडी मला लगेच लागली. मी मोजायला लागले. वीसबावीसपर्यंत गेले असेन, तेवढ्यात माझ्या मनात आलं, की या बाईंनी एवढ्या जणींचे हात धरले, यांचा कधी कुणी धरला असेल का? झालं. आकडा गेला.

"चुकलं, बाई."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या सुपाकडे बघत होत्या.

"मग पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मामंजी ओटीवरून ओरडले, जीप आली म्हणून. तो आकडाही गेला. बाई उठल्या नाहीत. "पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, या वेळी अगदी हळू.

तिसऱ्यांदाही मी त्यांना चुकलं म्हणूनच सांगितलं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि हिराबाई त्याला ताकीद देत होती, की आत मोजनी चालू हाय, गप ऱ्हा.

खरं म्हणजे तिसऱ्यांदा माझं चुकलं नव्हतं. बहात्तर आले होते.