मंडळाचा अधिकृत हात

विमान आकाशात असताना त्याचे इंजिन चालू असणे इष्ट, याबाबत तज्ज्ञांत फारसे मतभेद नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, की उड्डाण मंडळाच्या एकुलत्या एक विमानाचे इंजिन एका दुपारी झाडांच्या शेंड्यांवर आल्याबरोबर बंद पडले आणि विमान शेजारच्या कोबीच्या शेतात उतरले.

ही घटना घडलेली नाही. तसा ठराव मंडळाच्या तातडीच्या सभेत एकमताने मंजूर झाला आहे. (विमान चालवणाऱ्या वैमानिकबाई सभेला गैरहजर होत्या. त्या शेतात होत्या.) तेव्हा न घडलेली ही घटना कशी घडली, एवढेच इथे सांगायचे आहे.

मूळ दुखणे वाफेचे. भर उन्हात विमान उतरते, इंजिन बंद होते, पंखा थांबतो, वारा थांबतो. मग इंजिनाच्या पोटातली धग बाहेर पडायला वाट शोधू लागते आणि नेमकी इंधनाच्या नळीत शिरते. नळीतले पेट्रोल उकळते, त्याची वाफ होते. पंप बिचारा सरळमार्गी. पातळ पदार्थ कितीही द्या, तो पुढे ढकलेल. वाफ दिली की नुसता जागच्या जागी हात मारत बसतो. अशा वेळी इंजिन जमिनीवर खोकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे जमिनीवर खोकत नाही, वर जाऊन खोकते.

वैमानिकबाईंनी यावर उपाय सुचवले, आणि मंडळाने प्रत्येकाचा मनापासून विचार केला. विमान उतरल्यावर नाक वाऱ्याकडे करून उभे करावे, असे बाईंचे म्हणणे. पण मग शेपूट अध्यक्षांच्या खोलीकडे येत होते, आणि अध्यक्षांना पाठ दाखवणे मंडळाच्या शिस्तीत बसत नव्हते. इंजिनावरचे झाकण उघडे ठेवून धग जाऊ द्यावी, तर पाहुण्यांसमोर विमान जांभई देतेय असे दिसते. सुरू करण्याआधी विजेचा जोडपंप थोडा वेळ चालवावा, तर त्याची घरघर नेमकी अध्यक्षांच्या वामकुक्षीच्या वेळी. इंधनाच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी, ही सूचना मात्र तत्काळ मान्य झाली. पट्टी आली. ती कार्यालयातल्या चहाच्या किटलीला अशी बेमालूम बसली, की नळीला गुंडाळायचा विषय पुन्हा निघालाच नाही. (चहा आता दुपारपर्यंत गरम राहतो. मंडळाचे विरोधकही हे मान्य करतात.)

राहिला शेवटचा उपाय: इंजिन गार होईपर्यंत थांबणे. याला खर्च नव्हता आणि कोणाला उठावे लागत नव्हते, म्हणून तो नियम झाला. 'इंजिन गार असल्याची खात्री झाल्याखेरीज उड्डाण नाही.'

खात्री करायची कशी? तापमापक लावून पाहिला. तो एकदा एक सांगे, अर्ध्या तासाने भलतेच सांगे. इतका चंचल साक्षीदार मंडळाला परवडणारा नव्हता. म्हणून ठरले, की जबाबदार माणसाने इंजिनावर हात ठेवून पाहायचे. चिटणिसांनी ठेवला. ते "आई गं!" म्हणाले. 'आई गं' हे कोणत्याही प्रमाणित मापात मोडत नसल्याने नोंद झाली नाही. खजिनदारांनी ठेवला. ते जे म्हणाले ते इतिवृत्तातून वगळण्यात आले. अध्यक्षांनी हातमोजा घालून ठेवला आणि मोज्यात काही दोष नसल्याचा निर्वाळा दिला.

अशा पेचात भट्टीकाका डबा घेऊन आले.

भट्टीकाका म्हणजे वैमानिकबाईंचे सासरे. सारा जन्म पावाच्या भट्टीपुढे गेलेला. तापलेले पत्रे फडक्याशिवाय उचलण्याबद्दल बाजारात त्यांचे नाव होते. मग मुलाने नवा विजेचा ओव्हन आणला. या ओव्हनला स्वतःची घंटा होती आणि तो कुणालाही काही विचारत नसे. तेव्हापासून काका मैद्याच्या पोत्यावर बसून घंटेकडे सवतीकडे पाहावे तसे पाहत. त्या दिवशी सूनबाईंचा विसरलेला डबा पोचवायला ते आले, बूट झटकायला टेकू हवा म्हणून नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या इंजिनावर त्यांनी पंजा टेकवला आणि सावकाश, एकेक करून, दोन्ही बूट झटकले.

अध्यक्ष उभेच राहिले. "काका, कसं लागतंय?"

"कसं म्हणजे? काही नाही लागत."

त्याच संध्याकाळी काकांची 'मान्यताप्राप्त हात' या पदावर नेमणूक झाली. छातीला बिल्ला, सावलीत खुर्ची आणि किटलीतला पहिला कप. नेमणुकीचा परिणाम डोळे दिपवणारा होता. पूर्वी दुपारच्या दहा तपासण्यांपैकी नऊ वेळा इंजिन तापलेले निघे (दहाव्या वेळी पाऊस होता). काका आल्यापासून एकदाही निघाले नाही. एका माणसाच्या नेमणुकीने उष्णतेचा असा समूळ नायनाट झाल्याचे दुसरे उदाहरण मंडळाच्या माहितीत नाही.

वैमानिकबाईंना मात्र झोप लागेना. एका सकाळी पावांचे ट्रे लावताना त्यांनी विषय काढलाच.

"बाबा, ते इंजिन तापलेलं असतं हो."

"असेल."

"मग तुम्ही गार आहे असं का सांगता?"

"मी कुठे सांगतो? ते विचारतात, हाताला लागतंय का. मी सांगतो, नाही. यात खोटं काय? हवं तर आण निखारा, ठेव तळहातावर."

"निखारा नको. उद्या मागच्या सीटवर बसाल माझ्याबरोबर?"

काका बिल्ला पुसायचे थांबले. "हे बघ सूनबाई, मी हातापुरता बोलतो. बाकीच्या अंगाची जबाबदारी माझ्याकडे दिलेली नाही."

नवरा कणीक मळत होता. त्याने मानही वर केली नाही. "मला मध्ये ओढू नका. पण बाबा हल्ली शर्टाला इस्त्री करतात, एवढं बघ."

बाईंनी तेच तर बघितले होते. पोत्यावरचा माणूस खुर्चीवर बसला होता, सकाळी वेळेवर दाढी करत होता, जेवताना घंटेला शिव्या देत नव्हता. इंजिन तापले आहे असे चारचौघांत म्हणणे म्हणजे त्या हाताला खोटे पाडणे. आणि न म्हणणे म्हणजे स्वतःला झाडांच्या शेंड्यांवर नेऊन सोडणे. बाईंनी मधला मार्ग काढला. धावपट्टीच्या टोकापलीकडचे कोबीचे शेत त्या रोज नीट बघू लागल्या.

मग ती, न झालेली, दुपार आली. अध्यक्षांच्या मेहुण्यांना विमानात बसून फोटो काढायचा होता. विमान नुकतेच एक फेरी मारून उतरले होते आणि इंजिनाच्या पत्र्यावरची हवा तव्यावरच्यासारखी थरथरत होती. बाईंनी विमान वळवताना चुकून नाक वाऱ्याकडे केले. केसातली पिन आत पडली म्हणून झाकण उघडले, आणि पिन बराच वेळ सापडू दिली नाही. जोडपंप तर त्यांच्या कोपराने आपोआपच सुरू झाला.

"अहो बाई," अध्यक्ष घड्याळ दाखवत म्हणाले, "आमच्या मेहुण्यांना संध्याकाळची गाडी आहे. पिन मी देतो नवीन. काका, हात!"

काका उठले. त्यांनी शर्टाची बाही दुमडली, पंजा ठेवला आणि सुनेकडे पाहिले. सुनेने त्यांच्याकडे पाहिले. पंजा जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

"लागतंय का?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही," काका हळूच म्हणाले. आणि ते खरेच होते.

पुढे काय झाले ते ठरावानुसार झालेले नाही. झाडांच्या शेंड्यांवर इंजिन दोनदा खोकले, एकदा शिंकले आणि गप्प झाले. बाईंनी ओळखीच्या वाफ्यांवर विमान अलगद टेकवले. कोबीच्या दोन रांगा भुईसपाट झाल्या. मागून मेहुण्यांनी विचारले, "छान आहे जागा. तुम्ही नेहमी इथेच उतरता का?"

काका वाफे तुडवत धावत आले, एका पायातला बूट कुठेतरी सोडून. त्यांनी आधी सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताप नाहीये." मग स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी तो मागे घेतला.

"बाबा, खरं सांगा. इंजिन तापलंय हे कळलं होतं तुम्हाला?"

"वास येत होता," काका मान खाली घालून म्हणाले. "पत्रा पाव करपवायच्या बेताला आला की येतो ना, तसा. पण नाकाची नेमणूक नव्हती गं."

बाई आधी रागावल्या, मग हसल्या, आणि मग दोघांनी मिळून बूट शोधला. बिल्ला काकांनी त्याच शेतात छातीवरून काढला आणि विमानाच्या पंख्याला अडकवून ठेवला.

मंडळाने काकांचा राजीनामा स्वीकारला नाही. घटनाच घडलेली नसल्याने राजीनाम्याला कारण उरत नव्हते. (मेहुण्यांनी आणलेले दोन कोबी सभासदांत वाटण्यात आले; ते कोठून आले याची चौकशी चालू आहे.) तरीही काका खुर्चीकडे फिरकत नाहीत, म्हणून ती जागा सध्या रिकामी आहे. अर्जांचा मात्र पाऊस पडतो आहे. कोणी शाळेच्या बसचे ब्रेक पायाने दाबून 'ठीक' लिहितो, कोणी सोसायटीची लिफ्ट कानाने तपासतो. काहीच लागत नाही, अशा हातांची समाजात अजिबात टंचाई नाही, आणि सभेत ठराव वाचला जाताना आपणही आपला हात वर केला होता.

सबब, वैमानिकबाईंच्या वतीने सर्व संबंधितांस कळवण्यात येते, की मागची सीट दुरुस्त करून झाली आहे. ज्यांनी आजवर कोणतेही इंजिन, जिना, पूल अथवा पाळणा गार असल्याच्या कागदावर सही केली आहे, किंवा अशी सही बघून निर्धास्तपणे घरी जाऊन जेवले आहेत, त्यांनी येत्या रविवारी दुपारी, विमान पहिली फेरी मारून उतरल्याबरोबर, सहकुटुंब नव्हे, एकेकट्याने येऊन त्या सीटवर बसावे, ही नम्र विनंती.