सोमेश्वरभाऊंचे तीन जिल्हे

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझ्या घराच्या ओसरीवर बसून सोमेश्वरभाऊंनी नऊशे नव्व्याण्णव रुपयांना नागभीड जिल्हा विकत घेतला. हजर आम्ही तिघे: खरेदीदार स्वतः, त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवणारी माझी बायको सुनंदा, आणि चहा पिणारा साक्षीदार मी.

नागभीड हा जिल्हा नाही. आमच्या ब्रह्मपुरीला लागून असलेला तो तालुका आहे. सोमेश्वरभाऊंनी घेतलं ते ‘नागभीड जिल्हा डॉट कॉम’ हे इंटरनेटवरचं नाव. उद्या नागभीड खरंच जिल्हा झाला आणि कोणाला त्या नावाची वेबसाईट काढावीशी वाटली, तर त्याला सोमेश्वरभाऊंच्या दारात यावं लागेल, असा त्यामागचा विचार. ब्रह्मपुरी जिल्हा आणि चिमूर जिल्हा ही दोन नावं त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

“तीन जिल्ह्याचा मालक झालो, सुनंदाबाई,” ते म्हणाले. “कलेक्टरकडे तं एकच अस्ते.”

“मंग चहात साखर टाकू का नको, मालक?”

“टाका. आज टाका.”

सोमेश्वरभाऊ आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे बसस्थानकावरच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारणारे. निवृत्तीला दहा वर्षं झाली, पण आवाज निवृत्त झालेला नाही. आमच्या घरी येतानासुद्धा फाटकातून वर्दी देतात, “सोमेश्वर, मार्गे मागचं दार, आत येऊन राह्यला.” भाजीवालीला सांगतात, “मेथी, पालक, मार्गे सांबार.” सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. घरात ते एकटे आणि त्यांचा फोन.

या माणसाचं आमच्यावर जुनं ऋण आहे. माझ्या मुलीची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा चंद्रपूरला होती आणि आम्ही सायकलची चेन पडल्यामुळे उशिरा स्थानकावर पोचलो. गाडीची वेळ टळून गेली होती. तरी गाडी उभी होती. चालक हॉर्न वाजवत होता, आणि भोंग्यावरून सोमेश्वरभाऊ मूल, सिंदेवाही, नागभीड अशी गावं उलट्या क्रमाने, सावकाश, एकेक अक्षर सोडून पुकारत होते. नियंत्रकाची पुकार संपल्याशिवाय गाडी हलत नाही. मुलगी चढली आणि पुकार संपली. आज ती नर्स आहे.

इंटरनेटवरची नावं विकत घेण्याचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. कोणीतरी एक नाव परदेशात कोट्यवधींना विकलं, अशी बातमी त्यांनी फोनवर पाहिली. तिचा अर्थ त्यांनी आपल्या भाषेत लावला. गर्दीच्या दिवशी गाडी फलाटावर लागली की हुशार प्रवासी दाराकडे धावत नाही. तो खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. नाव घेणं म्हणजे रुमाल टाकणं.

“आपुन फक्त रुमाल टाकून ठेवाचा,” ते मला समजावत. “बसनारा मागून येते.”

“आणि नाही आला तर?”

“तं रुमाल आपलाच हाये ना, मुनीमजी.”

मी भात गिरणीत हिशेब लिहितो, म्हणून ते मला मुनीमजी म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, ती मी चालवून घेतो.

ब्रह्मपुरीत नव्या जिल्ह्याचा विषय निघाला की कपातला चहा थंड होतो. जिल्हा आमचाच व्हावा असं आम्हाला वाटतं, चिमूरचा व्हावा असं चिमूरवाल्यांना वाटतं, आणि ही ओढाताण जुनी आहे. अशा गावात सोमेश्वरभाऊंकडे चिमूरचंही नाव आहे ही गोष्ट टपरीवर फुटली. दोन दिवस त्यांना कोणी बाकावर सरकून जागा देईना.

“काऊन जी भाऊ,” टपरीवाल्याने विचारलं, “तुमी ब्रह्मपुरीचे का चिमूरचे?”

“मी फलाटावरचा,” सोमेश्वरभाऊ म्हणाले. “गाडी कोन्त्या फलाटावर लागन ते कोनाले मालूम? म्हनून सगळीकडे रुमाल टाकलो.”

टपरीवाला हसला. तिसऱ्या दिवशी बाकावर जागा मिळाली.

एकदा त्यांनी एका मोठ्या कंपनीच्या नव्या साबणाचं नाव घेतलं. टीव्हीवर जाहिरात पाहिली आणि जाहिरात संपायच्या आत पैसे भरले. महिनाभरात मुंबईच्या वकिलाची नोटीस आली की हे नाव आमच्या मालकीचं आहे, मुकाट्याने परत करा. मी घाबरलो. सोमेश्वरभाऊ ती नोटीस घेऊन गल्लीभर फिरले. “मुंबईचा वकील मले ‘महोदय’ लिहून राह्यला,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नाव सोडून दिलं. त्यानंतर मात्र दुसऱ्याच्या मालाच्या नावाला त्यांनी कधी हात लावला नाही.

या धंद्यात पैसा लावावा का, असं मला दोघातिघांनी विचारलं आहे, म्हणून इथेच लिहून टाकतो. माझ्या मते लावू नये. पहिल्या वर्षी नाव स्वस्तात मिळतं, कधी दोनशेच्या आत. दुसऱ्या वर्षापासून तेच बाराशेच्या घरात जातं, आणि दरवर्षी भरलं नाही तर नाव हातचं जातं. शेत पडीक ठेवलं तरी शेत राहतं, हे राहत नाही. चांगली, छोटी, सोपी नावं लोकांनी केव्हाच नेली आहेत. उरलेल्यांना गिऱ्हाईक येईलच असं नाही. जिल्हा झाला तरी सरकार आपली वेबसाईट स्वतःच्या सरकारी नावाने काढतं, ते तुमच्याकडे कशाला येईल?

सोमेश्वरभाऊंना मी हेही विचारलं होतं. ते म्हणाले, “सरकार नाई येनार. कोचिंग क्लासवाला येईन.”

आठ वर्षांत त्यांनी सत्तर हजारांच्या वर भरले. विक्री एक झाली, मूलच्या एका मंगल कार्यालयवाल्याला, साडेतीन हजारांत. त्याच पैशाची पोस्टात आवर्ती ठेव केली असती तर काय झालं असतं, तो आकडा मी त्यांना एकदा काढून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, “पोस्टात मजा नाई.”

आता सुनंदाची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी तिने आणि गल्लीतल्या अकरा बायकांनी बचत गट काढला. व्यापाऱ्याला धान न देता स्वतःच्या शेतातला तांदूळ पाकिटात भरून विकायचा. नावावरून आमच्या ओसरीवर एक अख्खी संध्याकाळ भांडण झालं. कोणाला अन्नपूर्णा हवं, कोणाला महालक्ष्मी. शेवटी सुनंदाने ‘धानबांधी’ सुचवलं. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. सगळ्यांना पटलं. भिंतीपलीकडे सोमेश्वरभाऊ दोरीवरचे कपडे काढत होते.

गट टिकला. यंदा धान निघाल्यावर पुण्याच्या एका दुकानदाराने दर महिन्याला माल घेण्याची तयारी दाखवली. अट एकच होती, गटाची वेबसाईट हवी, कारण त्याचं गिऱ्हाईक पाकीट उलटून आधी फोनवर शोधतं. बायकांनी त्या भरवशावर आपापल्या घरातून पैसे काढून पाच हजार पाकिटं छापून घेतली. मग नागपूरच्या वेबसाईटवाल्याने कळवलं की हे नाव कोणीतरी आधीच घेतलेलं आहे, मालकाचं नाव दिसत नाही.

दोनच दिवसांनी पाकिटावरचा नंबर पाहून एका दलालाचा सुनंदाला फोन आला. एका मोठ्या राईस मिलला ‘धानबांधी’ हे नाव हवं होतं. नावं विकणाऱ्या कंपनीमार्फत निरोप पाठवून मालकाला त्याने ऐंशी हजार देऊ केले होते आणि उत्तराची वाट पाहत होता. नाव तुमचंच आहे का, असं तो विचारत होता. नसेल तर आमचं झाल्यावर तुम्हाला पाकिटं बदलावी लागतील, हेही त्याने गोड आवाजात सांगितलं.

ऐंशी हजार कोण सोडतो? मी सुनंदाला म्हणालो, नाव बदलून टाका, छपाईचं नुकसान सोसा.

“तीन वर्सं त्या नावानं आवाज देल्ला,” ती म्हणाली. “आता कोन्त्या नावानं देऊ?”

मालकाचा पत्ता कसा काढायचा हे सोमेश्वरभाऊंना ठाऊक असणार होतं. पण ते बहिणीकडे एटापल्लीला गेले होते आणि तिथे फोन लागत नव्हता. आठवडाभर सुनंदाने जेवण केलं, वाढलं, पण स्वतः धड जेवली नाही. बायका रोज येऊन ओसरीवर बसत आणि पाकिटांच्या गठ्ठ्यांकडे पाहत.

सोमेश्वरभाऊ परतले ते दुपारच्या गाडीने, हातात चारोळीची पिशवी घेऊन. सुनंदाने त्यांना फाटकातच गाठलं आणि सगळं सांगितलं.

“भाऊ, मालक कोन हाये ते शोधता येते का?”

“शोधाचं का त्यात,” त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. “नाव माह्याकडे हाये. तुमी भांडत होत्या त्याच दिवशी घेतलो. ओटीपी तं तुमीच वाचून देल्ला होता.”

मी दलालाच्या ऐंशी हजारांबद्दल विचारलं.

“त्याचा मेसेज आला होता. एटापल्लीच्या स्टँडवर रेंज भेटली, तवा फोन लावलो.”

“मग?”

“मी म्हनलो, सीट भरलं हाये. मानूस पानी प्याले खाली उतरला, येते.”

“भाऊ, तुमचा आठ वर्षांचा तोटा एका फोनमध्ये भरून निघाला असता.”

“तोटा माहा हाये ना, मुनीमजी. नाव ह्या बायांचं हाये.”

“मंग तीन वर्सं सांगतलं काऊन नाई?” सुनंदाने विचारलं.

“गट मोडते बाई, लय पाह्यलो. मोडला अस्ता तं नावाचं तुमाले वाईट वाटलं अस्तं. चालला तं देनारच होतो.”

या माणसाने आमच्यासाठी दुसऱ्यांदा गाडी थांबवून धरली होती आणि या वेळी भोंगाही वाजवला नव्हता.

“तुमाले किती द्याचं, भाऊ?” सुनंदा म्हणाली. “तुमीच सांगा.”

ते फोन हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “वेबसाईटवर कोनाचा तरी फोन नंबर लागन ना. माहा टाका. तुमी बाया शेतात रायता, फोन कोन उचलन? मी दिवसभर घरीच हाओ. माह्या फोनवर ओटीपी सोडून काई येत नाई.”

सुनंदाने पिशवी खाली ठेवून तो नंबर लिहून घेतला.

नंबर टाकला. आता भिंतीपलीकडून दिवसातून पाच-सहा वेळा ऐकू येतं, “धानबांधी, ब्रह्मपुरी, बोला.” ऑर्डर घेऊन फोन ठेवणं त्यांना जमत नाही. परवा पुण्याच्या एका बाईंना भाताला पाणी किती घालायचं ते सांगता सांगता त्यांनी तिचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी सगळं विचारून घेतलं. बाईंनी दहा किलो मागवला, आणि आठवड्याने केवळ भात चांगला झाला हे सांगायला पुन्हा फोन केला. त्या दिवशी ते मागच्या दाराने येऊन तीनदा ती गोष्ट सांगून गेले.

हिशेब अर्धा ठेवणं माझ्याच्याने होत नाही. नाव गटाच्या खात्यावर आलं तेव्हा तीन वर्षांत त्यांनी भरलेले दोन हजार चारशे सत्त्याण्णव रुपये मी सोमेश्वरभाऊंना रोख दिले, आणि बरीच ओढाताण करून त्यांनी ते घेतले. वर एक रुपयाही नाही. फोन उचलण्याचा मोबदला तर त्यांनी ऐकूनही घेतला नाही. म्हणून बाराही बायकांनी मिळून ठरवलं, त्याप्रमाणे दर महिन्याच्या एक तारखेला दोनशे नव्व्याण्णव रुपये गटाच्या खात्यातून जातात, फोन कंपनीला, सोमेश्वरभाऊंच्या नंबरवर.