माता फ्रिया आणि मंडळाची पस्तीस वर्षे

संस्था पस्तीस वर्षे टिकली की तिला इतिहास होतो. त्याआधी तिला नुसती भांडणे असतात. भांडणांचा इतिहास व्हायला दोनच गोष्टी लागतात: भांडणाऱ्यांना थकावे लागते आणि स्मरणिका काढावी लागते. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या बकिंगहॅमशायर-उत्तर मराठी स्नेहमंडळात यंदा दोन्ही योग एकत्र आले.

इतिहास लिहायचे काम कार्यकारिणीने एकमताने ऋजुताकडे दिले. (एकमत होण्याची ही मंडळाच्या इतिहासातली दुसरी वेळ. पहिल्या वेळी बैठकीला एकच जण आला होता.) ऋजुता तेव्हा मॅटर्निटी लीव्हवर होती, आणि मॅटर्निटी लीव्ह म्हणजे पगारी रिकामा वेळ, अशी कार्यकारिणीची समजूत होती. कार्यकारिणीत सात पुरुष असल्यामुळे ही समजूत चांगली भक्कम होती.

मात्र अध्यक्षांच्या पत्नी सुप्रभाकाकू यांनी बैठकीनंतर ऋजुताला कोपऱ्यात घेऊन एक शब्द दिला. लेख समितीत पास झाला, की दर बुधवारी दुपारी दोन ते चार काकू ऋजुताच्या बाळाला, सान्वीला, आपल्या घरी सांभाळतील.

दोन तास म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सात महिन्यांचे बाळ नाही त्यांना सांगून कळायचे नाही. ऋजुताला त्या दोन तासांत कुठे जायचे नव्हते. तिला फक्त आपले दोन्ही हात एकाच वेळी मोकळे असताना कसे वाटते, ते पुन्हा एकदा पाहायचे होते. सान्वीवर तिचा जीव होता. सान्वी दुपारी तिच्या छातीवर पालथी झोपली, की त्या मऊ डोक्याचा दुधट वास घेत ती पाय बधिर होईपर्यंत बसून राहायची. पण डावा हात सात महिने सान्वीखाली होता आणि उजव्या हाताचा एकच अंगठा तिच्या मालकीचा उरला होता. तिचे सगळे लेखन त्या अंगठ्याने, चाळीस मिनिटांच्या हप्त्यांत, फोनवर चाले.

आता ती चाळीस मिनिटे कशी मिळाली ते सांगायला हवे. सान्वी झोपत नसे. बाळ तपासायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरबाई म्हणाल्या, व्हाइट नॉइज लावा. ऋजुताने पंख्याचा आवाज लावला, व्हॅक्यूम क्लीनरचा लावला, वॉशिंग मशीनचा लावला. शेवटी एका दुपारी चुकून माता फ्रिया लागले आणि सान्वी दुसऱ्या मिनिटाला घोरू लागली. हेल्थ व्हिजिटरबाईंच्या सल्ल्यात फक्त रंगाचा फरक झाला होता, कारण माता फ्रिया हे ब्राझीलमधले, ब्लॅक मेटल नावाचे अतिकर्कश रॉक संगीत वाजवणारे पथक आहे. नावाचा पोर्तुगीजमध्ये अर्थ 'थंड रान'. ढोलक्या मिनिटाला दोनशे तीस ठोके टाकतो, गायक गळ्याच्या तळातून किंचाळतो, आणि या सगळ्यावर गिटारींचा असा एक अखंड घोंघाट असतो, की लहान मुलाला आईच्या पोटात असल्यासारखे वाटत असावे.

ऋजुता पुण्यात इंजिनिअरिंगला असल्यापासून यांची भक्त होती. तिचा त्या वेळचा मित्र साकेत याच संगीताची एक मराठी वेबसाइट चालवतो. (वाचक एक्केचाळीस, त्यांतले नऊ चुकून आलेले.) यंदा पथकाला पस्तीस वर्षे झाली आणि अकरा वर्षांनी नवा अल्बम आला, तेव्हा साकेतने तिच्याकडेच लेख मागितला. अट एकच, इंग्रजी शब्द चालणार नाहीत. त्यामुळे तिच्या लेखात ड्रमरचा ढोलवादक झाला, कीबोर्डची पेटी झाली आणि अल्बमचे प्रकाशन झाले. बँडला मात्र शब्द सापडेना. 'बँड' म्हटले की मराठी माणसाला वरात आठवते. मग तिने सरळ 'मंडळ' लिहिले. शीर्षकातले पथकाचे नाव सोडले, तर बाकी पोर्तुगीज नावे एका अंगठ्याने टाइप होत नसल्यामुळे त्या त्या जागी तिने तूर्त फुल्या टाकल्या.

तर अशा रीतीने तिच्या फोनमध्ये दोन फाइली झाल्या. 'मंडळ इतिहास' आणि 'मंडळ इतिहास १'. एकीत माता फ्रियाची पस्तीस वर्षे होती. दुसरीत स्नेहमंडळाविषयी एकच वाक्य होते: 'मंडळाची स्थापना १९९० साली झाली.' त्यापुढे जाता आले नव्हते, कारण तिने सात जुन्या सभासदांना फोन केले आणि तिला नऊ संस्थापक मिळाले.

गुरुवारी दुपारी तिने कार्यकारिणीला फाइल पाठवली. पाठवताना सान्वीने कूस बदलली. कूस बदलताना तिच्या टाचेने अंगठा सरकला. बाकी सगळे रीतसर झाले.

चूक तिच्या ध्यानात आली ती रविवारी तीन वाजता, चर्चच्या हॉलमध्ये, मंडळाच्या सभेत बटाटेवडे फिरत असताना. अध्यक्ष पद्माकरकाका उभे राहिले. काका निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत, आणि व्यवसायाची छाप त्यांच्या वक्तृत्वावर अजून आहे. पण त्या दिवशी त्यांच्या हातात कागद होता, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली:

"आधी रस्ते आखून मग माणसे आणून वसवलेल्या शहरात, १९९० साली, एका गॅरेजमध्ये तीन तरुण एकत्र आले. त्यांपैकी दोघे आज एकमेकांशी बोलत नाहीत. तिसरा कोणाशीच बोलत नाही."

ऋजुताच्या हातातला वडा हातातच राहिला. माता फ्रियाचे बेलो होरिझोंते शहर कागदावर रेघा मारून वसवलेले आहे, हे तिने लिहिले होते. मिल्टन कीन्सही तसेच आहे, हे लिहायची कोणाला गरज नव्हती. सगळे जण चौदा गोलचक्करे पार करून हॉलवर आले होते.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणाले, "गॅरेज शशीचंच होतं." आणि डोकी हलली.

काका वाचत गेले. लेखात म्हटले होते, की सुरुवातीच्या काळात मंडळी चेहऱ्याला पांढरा रंग आणि डोळ्यांभोवती काळा रंग फासून व्यासपीठावर येत. सगळ्यांना १९९८चे नाटक आठवले, ज्याचा मेकअप एका दंतवैद्याने केला होता. लेखात म्हटले होते, की १९९६ साली मंडळाचा चर्चशी उघड संघर्ष झाला आणि प्रकरण अग्निशमन दलापर्यंत गेले. सुप्रभाकाकूंनी मान खाली घातली. त्या वर्षी कोजागरीला मसालेभाताची फोडणी त्यांनीच दिली होती, आणि अलार्म वाजल्यावर चर्चची सत्तरीतली गायकमंडळी पावसात उभी राहिली होती. लेखात म्हटले होते, की मंडळाचे सर्व जुने फोटो हिवाळ्यात, पानगळ झालेल्या जंगलात काढलेले असून त्यांत कोणीही हसत नाही. ही तर १९९४ची सहल.

गायनाविषयीचा परिच्छेद काकांनी दोनदा वाचला: "शब्द एकही कळत नाही, परंतु भावना थेट पोटात शिरते." तो अध्यक्षीय भाषणांविषयी आहे, असे काकांनी मानले, आणि कोणी प्रतिवाद केला नाही.

पुढे २००३ सालची फूट आली. माता फ्रियामध्ये ती कीबोर्डवरून पडली होती. लेखात असे होते: "पेटीला स्थान द्यावे की नाही यावरून शुद्धतावादी बाहेर पडले व त्यांनी त्याच नावाचे दुसरे मंडळ काढले. आज दोन्ही मंडळे स्वतःला मूळ म्हणवतात, आणि दोन्हींचे श्रोते तेच आहेत."

इथे उदय उठला. उदय ढोलताशा पथकाचा प्रमुख. आयटीत आहे, पण ओळख ढोलाची. तो म्हणाला, इतकी वर्षे हे कोणीतरी लिहायला हवे होते. आरतीला पेटी कोणी आणली, ते सगळ्यांना माहीत आहे. आणि लेखात ढोलवादक अकरा वेळा बदलले असे आहे, तो आकडाही बरोबर आहे, पण ते का बदलले हेही यायला हवे. त्यावर दोन माजी ढोलवादक उठले. हॉलमध्ये एक प्रकारचे चैतन्य पसरले, जे गेल्या तीन वार्षिक सभांत दिसले नव्हते.

सांख्यिकी नंतर संकलित करण्यात आली, ती अशी: लेखात एकूण फुल्या सव्वीस. सभागृहात उपस्थित एकावन्न. 'ही फुली म्हणजे मी' असे सांगणारे तेहेतीस. 'ही फुली म्हणजे तो, आणि त्याचे नाव छापलेच पाहिजे' असे सांगणारे एकावन्न. लेखिकेने सभ्यपणे नावे गाळली याबद्दल अभिनंदनाचा ठराव एक.

शुद्धलेखन समितीची (म्हणजे सुप्रभाकाकूंची) एकच दुरुस्ती होती. शीर्षकात 'माता फ्रिया' असा टंकनदोष होता, तो त्यांनी 'माता प्रिया' असा केला. सुरुवातीला देवीला वंदन आहे हे त्यांना विशेष आवडले. हल्लीच्या मुली करत नाहीत.

या सर्व प्रगतीत एकच अडथळा आला. स्मरणिकेची मांडणी शाल्मली करणार होती. ती जन्मली इथेच, शिकली कार्डिफला, आणि मराठी मोठ्या हौसेने बोलते. ती बराच वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. शेवटी तिने हात वर केला.

"काका, सॉरी, पण हा एक बँड आहे. रिअल बँड. ब्राझीलचा. माझा फ्लॅटमेट आहे ना, मेगन, तिचा भिंतीवर त्यांची पोस्टर आहे."

ऋजुताच्या डोळ्यांसमोरून बुधवार, दोन ते चार, निघून चालला.

पद्माकरकाका प्रेमाने हसले. "बँड वरातीत असतो, बाळ. आपलं मंडळ आहे."

खरे तर इथे ऋजुताने गप्प बसायला हरकत नव्हती. पण सान्वी तिच्या कडेवर होती आणि तिच्याकडे टक लावून पाहत होती, आणि सात महिन्यांच्या मुलासमोर खोटे बोलणे फार अवघड जाते. ते इतक्या विश्वासाने बघते. ती उभी राहिली.

"काका, हे मला सांगायलाच हवं. हा लेख आपला नाहीये."

"तुझा एकटीचा नाही, सगळ्यांचाच आहे," काका म्हणाले. "हा विनय मला आवडला."

"तसं नाही काका. हा या मंडळाबद्दल नाहीये."

"तेच म्हणतोय मी वीस वर्षं," उदय म्हणाला. "हे मंडळ आता ते मंडळ राहिलंच नाही."

यावर टाळ्या पडल्या. शुद्धतावादी गटाचे दोघे अनेक वर्षांत प्रथमच वाजवत होते. ऋजुताने आणखी एकदा तोंड उघडले, पण सान्वीने त्याच क्षणी भोकाड पसरले, आणि सुप्रभाकाकूंनी तिला अलगद काढून घेतले.

"बस तू. पास झाला लेख," त्या म्हणाल्या. "हिला बुधवारी झोपवताना काय म्हणायचं, ते तेवढं सांगून ठेव."

पहिल्या बुधवारी ऋजुताने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि अर्धा तास नुसती त्यांच्याकडे बघत बसली. मग चहा गरम असतानाच प्यायली. तिकडे काकूंनी तिने पाठवलेली लिंक लावली होती. साडेतीनला त्यांचा फोन आला. मुलगी गाढ झोपली आहे, म्हणाल्या. गाणे काही कळत नाही, पण माणूस किती मनापासून ओरडतो. काकाही ऐकत ऐकत झोपले. (भूलतज्ज्ञांना कोणी तरी भूल देण्याची ही पहिलीच नोंद.)

नवा अल्बम, त्याचे नाव मराठीत 'पुन्हा थंडी', याविषयी लेखात शेवटी दोन ओळी होत्या: "अकरा वर्षांनी मंडळाने काही नवे केले आहे. ते हुबेहूब जुन्यासारखेच आहे, आणि त्यामुळेच जुने सभासद रडले." स्मरणिकेत या ओळी चौकट करून छापल्या. गंधार, म्हणजे ऋजुताचा नवरा, म्हणाला की तिने आयुष्यात याहून खरे काही लिहिलेले नाही. तिने साकेतला खरी हकीकत कळवली. त्याने फक्त विचारले, की स्नेहमंडळाच्या जुन्या कॅसेट कुठे मिळतील.

स्मरणिकेची ख्याती पसरली. लंडनजवळच्या पिनरच्या एका मंडळाने विचारले, आमचाही इतिहास लिहून द्याल का. मग कार्डिफमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने विचारले. मग पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेने, एका माजी विद्यार्थी संघाने, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर एका साहित्य संस्थेने. ऋजुता दर बुधवारी एकाचा इतिहास पूर्ण करते. वीस मिनिटे लागतात. फक्त स्थापनेचे साल बदलायचे असते. उरलेला वेळ तिचा आहे. आजवर सतरा संस्थांना इतिहास गेला, आणि सतराही संस्थांनी कळवले की इतके तंतोतंत कोणी लिहिले नव्हते, फक्त लेखिकेला आतली माहिती कोणी दिली ते कळावे.

आपल्याही संस्थेला हवा असल्यास साल कळवावे. नावे पाठवू नयेत. गॅरेजवाला कोण, पेटी कोणी आणली आणि कोणाशीच न बोलणारा तिसरा कोण, हे वाचता वाचता आपण मनात भरलेच आहे. आपण ज्यांची नावे भरलीत, त्यांनीही हे वाचले आहे. त्यांनी त्या जागी कोणाचे नाव घातले, ते मात्र त्यांना विचारू नका.