एकेचाळीस पतंगांच्या चिठ्ठ्या

त्या सकाळी मी आईला एवढंच म्हणालो की, पेटीची काच तेवढी पुसून ठेव. माणसाचं वाटोळं व्हायला एवढं वाक्य पुरतं.

पेटीत माझे एकेचाळीस पतंग होते. दिव्यावर येऊन धडकणारे मातकट किडे असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद. पण हे भर उन्हात उडतात, आणि इतके निळे, नारिंगी, मोरपिशी असतात की लोक त्यांना खुशाल फुलपाखरं म्हणतात. (म्हणणाऱ्याला मी थांबवून फरक समजावतो. हल्ली लोक मला पाहून रस्ता ओलांडतात.) चार वर्षं परदेशात किड्यांचा अभ्यास करून मी परतलो तो एकच ध्यास घेऊन: आपले पतंग आपल्याच म्युझियममध्ये असले पाहिजेत. त्यासाठी तिकडची चांगली नोकरी सोडली. बाबाही ही गोष्ट येईल त्याला सांगतात, फक्त सूर वेगळा असतो.

चार वाजता म्युझियमच्या बाई पेटी बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली की तिथल्या कपाटावर माझं नाव. साडेतीनला मी अंघोळ करून बाहेर आलो, तर पेटी लखलखत होती. आईने काच पुसली होती, आणि हात लागलाच आहे तर आतलंही आवरलं होतं. पतंग रंगांप्रमाणे ओळीने लावले होते. आणि कुठे, कधी पकडला हे लिहून प्रत्येकाच्या टाचणीला टोचलेली चिठ्ठी गायब होती.

"एवढे देखणे जीव, आणि त्यांना लाँड्रीच्या कपड्यांसारख्या चिठ्ठ्या," आई म्हणाली. "काढून टाकल्या मेल्या."

चिठ्ठीशिवाय पतंग म्हणजे नुसती शोभा, शास्त्राच्या लेखी त्याला काडीची किंमत नाही, हे मी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. चिठ्ठ्या तिने बटणांच्या डब्यात टाकल्या होत्या. सगळ्या होत्या, पण कुठली कुणाची? मला पतंग आठवत होते, बहुतेकांच्या जागा आठवत नव्हत्या. पकडताना माझं लक्ष जागेकडे नसतंच. (सगळा घोळ त्यातूनच होतो.)

बाई अगदी घड्याळ लावून आल्या. अंदाजाने चिठ्ठ्या टोचायचा मोह मला झाला, नाही असं नाही. पण शास्त्राशी बेइमानी करायला मी परत आलो नव्हतो. सगळं खरं सांगितलं. बाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या की, पुराव्याशिवाय त्यांना काही घेता येत नाही.

तेवढ्यात आईने डब्यातून एक चिठ्ठी उचलली.

"टपाल कचेरीची मागची भिंत. ही या निळ्याची. आमचा हा भिंतीवर चढला आणि उतरता येईना. पोस्टमनने शिडी लावून उतरवला. मी खाली जाळी धरून उभी होते, बाई."

"नारिंगी इस्त्रीवाल्याकडचा," पेपरमागून बाबा म्हणाले. "वाळत घातलेल्या चादरीत पोरगा गुंडाळून पडला. जूनचा पहिला सोमवार. नवी चादर घेऊन द्यावी लागली मला."

बाईंनी डब्यातली इस्त्रीवाल्याची चिठ्ठी पाहिली. तारीख बरोबर होती. त्यांनी फाईल उघडली.

मग तासभर माझे आईबाप माझा इतिहास सांगत होते. पिवळा पकडताना मी सायकलसकट नाल्यात गेलो होतो. काळा-पांढरा एका वकिलाच्या टकलावर बसला होता, आणि जाळी मी तिथेच मारली होती. बाई आधी गंभीरपणे लिहीत होत्या. वकिलापाशी त्यांनी पेन खाली ठेवून डोळे पुसले. चौतीस पतंगांच्या चिठ्ठ्या लागल्या. त्या कपाटावर आज माझं नाव आहे, आणि जाता-येता मी ते वाचून येतो.

उरले सात. ते घरात कुणालाच आठवत नव्हते. मला मात्र लख्ख आठवत होते, कारण ते मी एकट्याने, न पडता, न धडकता, कसलेल्या शास्त्रज्ञासारखे पकडले होते. छातीवर हात ठेवून मी बाईंना तसं सांगितलं.

बाईंनी बाबांकडे पाहिलं.

"एखाद्या वेळेला मानलं असतं," बाबा पेपर उलटत म्हणाले. "सात वेळा शक्य नाही."

बाईंनी ते सात परत केले.