कुरकुर कोणाची?

जावईबापूंची सायकल कुरकुरायला लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं जावईबापूच कुरकुरताहेत. त्यात घरच्यांची काही चूक नव्हती. गृहस्थ मुळातच कुरकुऱ्या. चहा गरम असला तरी कुरकुर, निवला तरी कुरकुर. त्यामुळे सकाळी दारात सायकल काढून ते सीटवर बसले आणि 'कुर्रर्र' असा लांबलचक आवाज आला, तेव्हा बायको आतूनच ओरडली, "आता काय झालं?"

"मी कुठं काय बोललो?"

"मग कोण बोललं?"

"सीट!" जावईबापू म्हणाले आणि लगेच जीभ चावली. कारण त्या सीटचा गाजावाजा करून चालण्यासारखं नव्हतं. सीट नवी होती, भारीतली होती, आणि चोरून मागवलेली होती. थेट परदेशातून, निम्म्याहून कमी किमतीत.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे जावईबापूंचा मेहुणा, सायकलचं दुकान चालवत होता. दुकानात मालकही तोच, नोकरही तोच, म्हणून सगळे त्याला कौतुकानं 'शेठ' म्हणायचे. त्याच्या हातात सदा एक पान्हा, आणि त्याला बघून आईला फुटायचा तो दुसरा. जावईबापूंची पाठ दुखायला लागली, तेव्हा या शेठनंच त्यांना दुकानात बोलावून एका मऊ गादीवर बसवलं, उठवलं, आणि गादीत पडलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं.

"भावोजी, हे तुमचं माप. तुम्हाला ही सीट. डोळे मिटून घ्या."

भावोजींनी डोळे काही मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी सीटचं नाव पाठ केलं, "बघतो, सांगतो" म्हणाले आणि घरी येऊन फोनवर तीच सीट स्वस्तात शोधली. वर नव्या ग्राहकाला पहिल्या खरेदीवर आणखी सूट होती. स्वतःचं नाव एका घंटीवर खर्ची पडलेलं, बायकोचं मोज्यांवर. उरल्या सासूबाई. मुलाचं घर दुकानाच्या माडीवर, जिना उभा आणि गुडघे कुरबुरी करणारे, म्हणून त्या लेकीकडे राहायच्या.

"आई, तुमच्या फोनवर चार आकडे आलेत बघा. वाचता का जरा?"

"कसले हो?"

"काही नाही, कंपनीचे असतात."

सासूबाईंनी आकडे वाचले आणि त्या क्षणी, स्वतःला पत्ता नसताना, त्या सायकलच्या सीटच्या मालकीण झाल्या. जावईबापूंनी 'सर्व अटी मान्य' यावर टिचकी मारली. गंमत अशी की हे गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासायला होते. लोकांच्या कागदातली बारीक अक्षरातली ओळ हुडकून काढायची आणि 'क्षमस्व' कळवायचं, ही त्यांची पोटापाण्याची विद्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मेहुणा रोज संध्याकाळी दुकान बंद करून आईला भेटायला यायचा. हल्ली त्याचं एकच दुखणं होतं. "लोक माझ्याकडे येऊन माप घेतात, भाव विचारतात, चहासुद्धा पितात, आणि वस्तू बाहेरून मागवतात. परक्यांचं काही वाटत नाही हो, भावोजी. आपली चार माणसं आहेत म्हणून तग धरलाय."

हे ऐकताना भावोजींना नेमका ठसका लागायचा. सायकल मागच्या खोलीत गेली, सीटवर जुनं कव्हर चढलं. आपलं बिंग फुटलं तर मेहुणा भांडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भांडला असता तर बरं. तो नुसता गप्प बसेल, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा येईल, पण 'भावोजी' म्हणताना त्याच्या आवाजात ते पहिलं काही राहणार नाही. त्या एका भीतीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

सीट उलटी केली तर खालच्या दांडीला केसाएवढा तडा. जावईबापूंनी परदेशी तक्रार ठोकली. उत्तर आलं, तेही मराठीत, बहुधा एखाद्या यंत्राने केलेल्या.

'अतिप्रिय मूळ खरेदीदार बाई, तुमच्या बसण्याला झालेल्या दुःखात आम्ही सामील आहोत. सीट परत पाठवायची असल्यास भाडे तुमचे. अन्यथा मूळ खरेदीदाराने सीटवर बसून आवाजाचे चित्रण पाठवावे. वॉरंटी फक्त मूळ खरेदीदारास लागू आहे.'

परत पाठवण्याच्या भाड्यात दुसरी सीट आली असती. राहता राहिलं चित्रण. जावईबापूंनी बायकोला सगळं सांगितलं. बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे माप माझ्या भावाकडे, खरेदी परदेशात, नाव माझ्या आईचं? तुमचं स्वतःचं यात काय होतं?"

"माप माझं होतं ना," जावईबापू खालमानेनं म्हणाले.

सासूबाईंना बोलावणं गेलं. त्यांना सगळं ऐकून राग यायला हवा होता. पण त्यांचे डोळे चमकले. "मी बसू? सायकलवर? जन्मात बसले नाही हो मी. आमचे बाबा म्हणायचे, मुलींनी कशाला?"

सायकल कपाटाला टेकवली. लेकीनं हँडल धरलं, जावयानं एका हातानं सासूबाईंना आणि दुसऱ्या हातानं फोन. सासूबाई वर चढल्या, ऐटीत बसल्या. सीट एकदम चिडीचूप. मुळात सासूबाई अंगानं काडी. त्यांच्या वजनाची सीटनं दखलच घेतली नाही.

"आई, जरा हला."

सासूबाई हलल्या. 'कट्' आवाज आला. पुन्हा हलल्या, पुन्हा 'कट् कट्'.

"आला, आला!" म्हणत जावईबापूंनी चित्रण पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर.

'अतिप्रिय बाई, आमच्या तज्ज्ञांच्या मते आवाज सीटचा नसून चालकाच्या गुडघ्यांचा आहे. गुडघे वॉरंटीत येत नाहीत. कृपया नवे चित्रण पाठवा. सोबत सीट जाणकार कारागिराने बसवल्याचा, दुकानाचा शिक्का असलेला कागद जोडावा.'

बायको हसून हसून भिंतीला टेकली. जावईबापूंना मात्र घाम फुटला. सीट त्यांनी स्वतः, स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकानं बसवली होती. शिक्क्यासाठी ते मुद्दाम लांबच्या एका दुकानात गेले. तिथला म्हातारा कारागीर चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुम्ही आमच्या शेठचे भावोजी ना? त्याला सोडून मी शिक्का मारू? उद्या त्याच्याकडे चाकाचे छर्रे मागायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

शिक्क्याचं पुढं बघू, आधी आवाज तरी मिळवू, असं ठरलं. सासूबाईंचं वजन वाढवणं आलं. संध्याकाळी त्या पुन्हा सायकलवर चढल्या. मांडीवर पिठाचा भरलेला डबा, खांद्याला जावईबापूंची ऑफिसची बॅग, बॅगेत लेकीनं कोंबलेली इस्त्री. आणि अहाहा! सीट अशी कुरकुरली म्हणता, की जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई?" दारातून आवाज आला.

मेहुणा आज लवकर आला होता.

"आई, तू सायकलवर काय करतेयस? आणि हा डबा?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावईबापूंचा चेहरा पार उतरला होता. एवढा मोठा बाप्या माणूस, पण शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखा उभा होता. सासूबाईंना कसंतरीच झालं.

"मी सायकल शिकतेय," त्या ठणकावून म्हणाल्या. "बाजारहाट करायचा तर ओझ्याची सवय नको?"

"आणि ही सीट कुठली?"

"मी मागवली. फोनवरून. बघ, नाव माझंच आहे."

"माझं दुकान असताना?" मेहुण्याचा आवाज एवढा बारीक झाला, की जावईबापूंना तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तुझ्याकडून घेतली असती तर तू पैसे घेतले असतेस? मग! दुकान आहे की धर्मशाळा?"

मेहुण्यानं आईला अलगद खाली उतरवलं, डबा बाजूला ठेवला आणि वाकून सीट खालून पाहिली. तड्यावरून बोट फिरवलं. मग एकदा सीटकडे, एकदा भावोजींकडे पाहिलं. भावोजी पंख्याकडे बघत होते.

"दांडी गेलीय," तो म्हणाला. "वॉरंटी?"

"दुकानाचा शिक्का मागतात मेले," सासूबाई म्हणाल्या.

"देतो की." त्यानं कागद मागितला आणि लिहिलं, 'सदर सीट मी स्वतःच्या हातानं बसवली आहे.' सही केली, दुकानातून शिक्का आणून मारला, चहा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईसाठी एक बुटकी, हलकी सायकल घेऊन हजर. "शिकायचं म्हणालीस ना? चल." आता आली का पंचाईत! थाप मारली ती निभावायला नको? मेहुण्याला दुकान उघडायचं असायचं, म्हणून सायकलमागे धावायचं काम भावोजींकडे आलं. रोज सकाळी पुढं सासूबाई, मागं सीट धरून धापा टाकणारे जावई. "जावईबापू, वाकडी जातेय हो!" "आई, तुम्ही समोर बघा, माझ्याकडे काय बघता?" पण खोटं कशाला बोला, सासूबाईंना ते भलतंच आवडलं. गुडघ्यांचा 'कट्' बंद झाला. त्या वळणावर एकट्या हसायच्या, आणि ते हसू बघून जावईबापूंना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वॉरंटी मंजूर झाली, नवी सीट आली. मुळीच कुरकुरत नव्हती. कुरकुर आता जावईबापूंच्या आतून कुठून तरी येत होती, आणि तिच्यावर शिक्का मारून देणारं दुकान नव्हतं. शेवटी एका दुपारी ऑफिसातून परस्पर ते मेहुण्याकडे गेले. मेहुणा चाकाच्या तारा सरळ करत बसला होता.

"शेठ, एक सांगायचंय."

"बसा ना, भावोजी."

"बसत नाही. बसलो तर सांगता यायचं नाही. ती सीट आईंनी नाही मागवली. मी मागवली. तू माप घेतलंस त्याच संध्याकाळी. चुकलो रे. वाटेल ते बोल, पण बोल."

मेहुण्यानं चाक हळूच फिरवून पाहिलं. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सीट खालून बघितली तेव्हाच. आईचं माप एवढं रुंद नाही."

"मग शिक्का का मारलास?"

मेहुणा जरा वेळ तारांशी खेळत राहिला. "भावोजी, मी लहानपणी शेजारच्यांची काच फोडली होती. आई त्यांना म्हणाली, माझा मुलगा दिवसभर घरातच होता. तेवढं एकदाच मी तिला खोटं बोलताना ऐकलं. आई खोटं बोलते ती फक्त पोटच्या पोरासाठी. आणि त्या दिवशी ती तुमच्यासाठी बोलली. मग मी काय म्हणून तिला खोटं पाडू? वाईट वाटलं. खूप वाटलं. पण घरी जाताना बरंही वाटलं."

जावईबापूंनी रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. मग ते बसले. मेहुणाही बसला, पण त्याचं काही खरं दिसत नव्हतं. पान्हा या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.

"तुम्ही असं एकदम खरं बोलून मोकळे झालात, भावोजी. आता माझी पंचाईत."

"तुझी कसली?"

"मागं तुम्ही दुकानाच्या विम्याचं मला समजावून सांगितलंत. बसून सगळे कागद भरून दिलेत."

"हो. तू म्हणालास, बघतो, सांगतो."

"तेच सगळं बघून मी दुसरीकडून काढला. फोनवरून. बाहेरची कंपनी आहे, निम्म्यात देत होती." त्यानं मागचं फडकं उचललं. खाली खोक्यांची चळत भिजून फुगली होती. "वरच्या माडीवरचा नळ फुटला. आता ते म्हणतात, पाणी वरून आलं तर मिळत नाही, बाजूनं यायला हवं होतं."

जावईबापूंनी आयुष्यात कितीतरी दावे नाकारलेले पाहिले होते. पण नाकारलेला दावा पाहून एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते हसायला लागले ते थांबेचनात. मेहुणा आधी ओशाळला, मग तोही हसला, आणि समोरून जाणारं गिऱ्हाईक आत यायचं सोडून पुढं निघून गेलं.

"आण तो कागद," डोळे पुसत जावईबापू म्हणाले. "बारीक अक्षर वाचायला मी बसलोय इथं. असं कसं देत नाहीत!" कागद हातात घेऊन त्यांनी पहिली ओळ वाचली आणि ते थबकले. "शेठ, हा विमा कुणाच्या नावावर आहे?"

मेहुणा जमिनीकडे बघू लागला. "ज्येष्ठांना जास्तीची सूट होती."

"आईंच्या?"

"आता कंपनी मालकीणबाईंचं दुकानात काम करतानाचं चित्रण मागतेय."

जावईबापूंनी कागदाची घडी घातली. मग मेहुणा जरा जवळ सरकला.

"भावोजी, आईला तुम्हीच विचारा," तो म्हणाला. "हल्ली ती तुमच्यासाठीच खोटं बोलते."