वरून सांबार

गल्लीतल्या एका आजोबांची तेरवी होती. पंगत बसली होती, घरचे लोक खाली मान घालून वाढत होते आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारच्या पाटावरून खणखणीत आवाज आला, "बाकी सब ठीक हाये. पन वरून?"

आजोबांचे थोरले चिरंजीव वाढायला होते. त्यांनी दचकून वर छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तेरवीच्या दिवशी कुणी 'वरून' म्हटलं तर माणूस दुसरीकडे कुठे पाहणार?

"वरून सांबार नाही टाकला जी तुम्ही," गजभिये काका म्हणाले. "आना वाटीभर."

परमुलखातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबर येतो तो पदार्थ वेगळा, आणि जंगलात असतं ते सांबरही वेगळं. मी शाळेत मुलांना 'कोथिंबीर' शिकवतो आणि घरी येऊन सांबार चिरतो. या दोन शब्दांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडत नाही, आणि त्यामुळे पुढे केवढा गोंधळ झाला ते सांगतोच.

गजभिये काका माझे शेजारी. लाइनमन म्हणून जन्म विजेच्या खांबावर गेला, आता निवृत्त. मी चार वर्षांपूर्वी पुसदहून बदली होऊन नेरला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ते काकूंना घेऊन सामान उतरवायला मदतीला आले. टपरीवरून चहा आला, पोहे आले. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, वरून?" सामान अजून टेम्पोत होतं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना शिकवून आणलं होतं.

लग्न असो, बुद्धवंदनेनंतरचं भोजनदान असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, काकांचं 'वरून' ठरलेलं. शिवाय नुसतं ताटात घेऊन भागत नसे. वाटीभर सांबार मागून घ्यायचे आणि ती वाटी घेऊन थेट बायकांच्या पंगतीत शिरायचे. काकूंना म्हणायचे, "पाह्य, असा असते ताजा सांबार!" आणि वाटी तिथेच विसरून यायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही पुरुष तर उघड हसायचो. माझ्या बायकोने त्यांचं नाव 'सांबारवडी' ठेवलं होतं आणि मी ते शाळेतही पसरवलं होतं.

एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली होती. बाजारातून जुडी आणताना ते हात लांब करून, तोंड फिरवून आणत. जिवंत तार धरल्यासारखी. मला वाटायचं, जुन्या नोकरीची सवय असेल.

आणि एकदाच, फक्त एकदा, त्यांनी सांबार मागितला नाही. काकू मुलीकडे कळंबला गेल्या होत्या म्हणून आम्ही काकांना जेवायला बोलावलं. बायकोने मुद्दाम वाटी भरून बारीक सांबार चिरून ठेवला. काकांनी वाटी हळूच बाजूला सरकवली. "राहू द्या वहिनी," म्हणाले आणि नुसतं वरण-पोळी खाऊन उठले. बायको घाबरली. मला म्हणाली, "यांची तब्येत बरी दिसत नाही, उद्या दवाखान्यात न्या." मी नेलंही. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत.

तब्येत बरी नव्हती ती काकूंची. आम्ही नेरला यायच्या आधी, साथीच्या वर्षी महिनाभर दवाखान्यात राहून आल्या, त्या अर्ध्याच परत आल्या. त्यात साखर. वेळेवर खाल्लं नाही की हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाईंचं जेवण चुकवू नका. आणि काकू तर घासभर खाऊन ताट सारायच्या. कधी कुणाला काही मागायच्या नाहीत.

या काकूंनी मुलीच्या मोबाइलवर एक दिवस समुद्राकडे धावणारी कासवाची पिल्लं पाहिली आणि म्हणाल्या, "मले हे पाह्याचं हाये." काका तडक माझ्याकडे आले. "मास्तर, तीस वर्सात पह्यल्यांदा काही मांगतलं तिनं. गाडी काढा."

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही तिघं निघालो. नेर ते कोकण म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. मागच्या सीटवर काकू, आणि काकूंच्या शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सांबाराच्या पाच जुड्या. प्रत्येक धाब्यावर एकेक सुटत गेली. समुद्राकाठच्या गावात पोचलो तेव्हा एकच उरली होती.

ज्या घरी उतरलो, त्या घरच्या बाई सकाळीच म्हणाल्या, "रात्री मी माहेरी जाणार आहे हो. जेवणाचं गावात आत्ताच सांगून ठेवा. इथे आधी सांगावं लागतं."

"सांगून ठेवा म्हन्जे?" काका मला बाजूला घेऊन म्हणाले. "नेरच्या स्टँडवर कोनी सकाळी सांगून ठेवते का, संध्याकाळी जेवाले येतो म्हनून? खानावळीत बसलं का ताट येते." मलाही ते पटलं. हा दोष निम्मा माझा.

संध्याकाळी किनाऱ्यावर दोरी बांधली होती. दोरीमागे आम्ही पन्नासेक माणसं, आणि पलीकडे खाकीतला एक तरुण वनरक्षक टोपली घेऊन उभा. त्याने टोपली अलगद कलती केली. तळहाताएवढीही नाहीत अशी काळपट पिल्लं वाळूवर आली, थोडी थांबली आणि पाण्याकडे निघाली. लाट यायची, त्यांना उलटं करून टाकायची, ती पुन्हा सरळ होऊन निघायची. समुद्रही आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, पण समुद्राकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"यायची माय कुठं हाये?" काकूंनी वनरक्षकाला विचारलं.

"ती अंडी घालून निघून जाते, आजी. परत येत नाही."

"मंग यायले खाऊ कोन घालते?"

"कुणी नाही. त्यांचं ते शोधतात."

काकूंना जबर धक्का बसला. "कोनीच नाही? जेवला का म्हनून कोनी इचारत बी नाही?" काकांनी नुसतं घड्याळ पाहिलं. सूर्य बुडाला होता, आणि काकूंच्या जेवणाची वेळ होत आली होती.

गाडीपाशी आलो तर खिडकीत एक गाय डोकं घालून उभी. सांबाराला हवा लागावी म्हणून काकांनीच काच खाली ठेवली होती. गायीने मान बाहेर काढली, तेव्हा तिच्या तोंडात ओलं फडकं होतं. फक्त फडकं. काकांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, गायीने गाडीची चावी गिळली.

मग जेवण शोधणं सुरू झालं. पहिल्या घरी म्हणाले, सकाळी सांगायला हवं होतं. दुसऱ्या घरी म्हणाले, सांगितलेल्या माणसांपुरतंच केलंय. एक दुकान उघडं होतं, तिथे बिस्किटं मिळाली. काकूंनी एक तोंडात घातलं आणि माती चावल्यासारखं चावून उरलेलं हातात धरून ठेवलं. आरशात पाहिलं, तर त्या कपाळ पुसत होत्या. परक्या गावात या बाईला काही झालं, तर जायचं कुठे?

गावाच्या टोकाला एका घराच्या पडवीत दिवा दिसला. आत तोच वनरक्षक एकटा जेवत होता. घरच्या मावशी म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर नीट केलं असतं हो. आता भात आहे, आमटी आहे, तांदळाची भाकरी टाकून देते. चालेल?"

माझ्या जिवात जीव आला. मी काकूंना हात धरून पायरीवर बसवलं आणि पाय धुवायला पाणी देऊ लागलो. तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाकी सब ठीक हाये. पन वरून?"

"वरून काय?" मावशी.

"सांबार."

"इडलीबरोबरचं? ते नाही हो आम्ही करत."

"थे पातळ नाही जी. शेतात असते थो."

मावशींचा हात पिठात थांबला. "शेतात येतं ते?"

"आमच्या इकडे लय. घरोघरी खातात. दोन्ही टाइम."

वनरक्षकाने घास खाली ठेवला. "दोन्ही टाइम खातात?"

"पन कवळा पाह्यजे. मोठा झाला का मजा नाही. कवळा असतानीच कापाचा."

"आणि हे मिळतं कुठे?"

"बजारात! बाया घेऊन बसतात उघड्यावर."

"उघड्यावर?"

"आता बी पाच आनले होते गावाहून. फडक्यात गुंडाळून. चार आम्ही रस्त्यानं खाल्ले."

"आणि पाचवं?"

"थो गाईनं खाल्ला," काका दुःखाने म्हणाले.

मावशी परात घेऊन दोन पावलं मागे सरकल्या. मला त्या बोलण्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, खरं सांगतो. वनरक्षक उष्ट्या हातानेच उठला. "काका, सांबर मारणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? गाडी कुठे आहे तुमची?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या दोन शब्दांची गाठ पडली. मी तांब्या टाकून आत धावलो. "कोथिंबीर! अहो, कोथिंबीर म्हणतायत ते!"

मावशी मटकन खाली बसल्या आणि हसत सुटल्या. वनरक्षकाला हसू यायला जरा वेळ लागला. गाय सांबर खात असल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून लवकर हलत नसावं.

ताटं आली. गरम भाकरी, आमटी, भात. मी तुटून पडलो. काकूंनी एक तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला. "भूक नाही जी," म्हणाल्या. त्यांची बोटं थरथरत होती. आणि काका? काका मावशींना विचारत होते, "मंग थे तुमची कोथिंबीर हाये का नाही?"

"बाजार परवा हो. मागे विहिरीपाशी फुटक्या बादलीत धणे टाकलेत, थोडी उगवलीय. पण अंधारात कुठे जाताय?"

काकांनी बॅटरी काढली. माझा संताप अनावर झाला. "काका, लाज वाटू द्या! काकू इथे उपाशी बसल्यात, त्यांचे हात कापतायत, आणि तुम्हाला जिभेचे चोचले सुचतायत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "आलोच," म्हणाले आणि अंधारात गेले.

काकू खाली पाहतच हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्यायले नका बोलू. त्यायले सांबार आवडतच नाही."

"काय?"

"वासानं मळमळते त्यायले. लगन झाल्यावर पह्यल्याच हप्त्यात म्हनले होते मले, भाजीत सांबार टाकत नको जाऊ. पंचवीस-तीस वर्सं आमच्या घरात सांबार आला नाही." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "त्या बिमारीनंतर मले कायचीच चव लागत नाही. वास बी नाही. सब माती लागते. सांबाराचा तेवढा वास येते. थो असला का दोन घास जातात. दुसऱ्याच्या घरी मांगाची मले लाज वाटते, म्हनून हे मांगतात. त्यायले वाटते, मले समजत नाही. मी बी बोलत नाही."

माझा घास तोंडातच राहिला. चार वर्षं मी या माणसाला हसलो होतो. तेरवीच्या पंगतीत हसलो होतो, शाळेत नाव ठेवून हसलो होतो, आणि आत्ता सगळ्यांदेखत त्याची लाज काढली होती. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ताटातून मान वर होईना.

काका आले. पायाला चिखल, हात लांब केलेला, मुठीत दहा-बारा काड्या. तोंड तसंच फिरवलेलं. त्यांनी त्या धुतल्या, हातानेच तोडल्या, एक पान स्वतःच्या भातावर टाकलं आणि मग मोठ्याने म्हणाले, "अरे बाप, जास्तच आनला गेला. अवं, तू घे थोडा."

आणि सगळा सांबार काकूंच्या ताटात टाकला.

"तुमचं आपलं काहीतरीच," काकू म्हणाल्या. त्यांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. दीड भाकरी खाल्ली, वर भात खाल्ला. हात हळूहळू थांबले. काका सगळा वेळ तिरक्या नजरेने त्या हातांकडे पाहत होते. स्वतःच्या भातावरचं ते एक पान त्यांनी श्वास रोखून गिळलं, आणि वर म्हणाले, "वा!"

दुसऱ्या दिवशी परत निघालो. घाट चढून दुपारी एका धाब्यावर थांबलो. ताटं यायच्या आतच, काकांचं तोंड उघडायच्या आत, मी गल्ल्याकडे वळून ओरडलो, "भाऊ, वरून सांबार लागेल! वाटीभर! मला त्याच्याशिवाय जेवण जात नाही!"

धाबेवाला बघतच राहिला. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, कोथिंबीर म्हना. नाहीतर आतमंदी टाकतीन."