मीटरचे कुंकू

इंजिनापेक्षा मीटर मोठा असतो. इंजिन नुसते चालते. ते नीट चालते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मीटरचा. नाशिकजवळच्या आमच्या धरणावरील जलविहार समितीने हे तत्त्व जितक्या मनापासून पाळले, तितके क्वचितच कोणी पाळले असेल.

समितीकडे एक जुनी मोटरबोट आहे. (जुनी म्हणजे अनुभवी.) तिच्या पाठीला इंजिन टांगलेले असते आणि ते किती तापले हे दाखवणारा काट्याचा मीटर चालकासमोर. नियम स्पष्ट आहे : काटा लालवर गेला की इंजिन बंद करावे आणि थंड होईपर्यंत थांबावे. गेल्या दसऱ्यापासून काटा रोज लालवर जाऊ लागला, तोही बरोबर धरणाच्या मध्यावर. चालक बहिरू नियमाचा पक्का. तो तिथेच थांबे. पर्यटक कुरकुरू लागले, तेव्हा समितीने या थांब्याला ‘निसर्गदर्शन विराम’ असे नाव दिले. तक्रारी बंद झाल्या. काहींनी तर विराम वाढवून मागितला.

तरीही समिती गाफील राहिली नाही. चंदर मेस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिन गार करून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहिली, झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “गार हाय की.” तळहात हे मान्यताप्राप्त उपकरण नसल्याचे आम्ही त्यांच्या निदर्शनास आणून दिले. मग वायर बदलली. सेन्सर बदलला. शेवटी अख्खा मीटर नवा आणला, नारळ फोडून त्याची यथासांग पूजा केली आणि मगच बसवला. नव्या मीटरलाही तोच आजार निघाला. यावरून दोष मीटरमध्ये नसून धरणात आहे, असा निष्कर्ष सचिव सहादूअण्णांनी काढला.

अशात गावातल्या सखुबाईंच्या स्नेहलचे लग्न निघाले. मुलगी ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला. मंडप पलीकडच्या काठावर. हल्ली नवरी चालत आली तरी लग्न लागते, पण व्हिडिओ होत नाही. म्हणून तिची एन्ट्री बोटीतून ठरली. समितीतर्फे मीही बोटीत होतो. समोरच्या काठावर नवरदेव हर्षल घामाघूम, भटजी माईकवर, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. आणि धरणाच्या मध्यावर काटा लाल.

बहिरूने इंजिन बंद केले.

“आरं चालू कर रं बाबा, मुहूर्त टळंल!” सखुबाई रडकुंडीला आल्या.

“नियम हाय मावशी. लाल म्हंजी लाल.”

स्नेहल शालू सावरत पुढे वाकली. “बहिरूदादा, हे लाल म्हणजे काय आहे?”

“कुंकू. पूजेचं.”

काचेच्या ऐन मध्यावर, इंजिन नेहमीइतके तापले की काटा जिथे येऊन टेकतो तिथेच, ठसठशीत कुंकू होते. (लाल कशाने, याबद्दल नियमात काही म्हटलेले नाही.)

“मग पुसलं का नाही?”

“कुंकू कुनी पुसतं व्हय?” बहिरू दुखावला. मलाही प्रश्न असभ्य वाटला.

स्नेहलने पदराच्या टोकाने काच लख्ख पुसली. सखुबाईंनी हंबरडाच फोडला. “आगं, लग्नाच्या दिशी कुंकू पुसलंस?”

“आई, माझं नाही, मीटरचं. बहिरूदादा, याचा नवरा कोण?”

बहिरूने बराच विचार केला. “इंजिन.”

“मग ते जिवंत आहे का बघा.”

त्याने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. सखुबाईंनी डोळे पुसून इंजिनाला दुरूनच नमस्कार केला. मुहूर्ताची शेवटची घटका भरता भरता आम्ही काठाला लागलो. जोडप्यावर अक्षता पडल्या तेव्हा खरेच सांगतो, मला भरून आले.

मीटर पूर्ण बरा झाल्याबद्दल समितीने दुसऱ्याच दिवशी आभाराचा ठराव केला. सहादूअण्णांनी स्वतः जाऊन त्याला हळद वाहिली आणि त्यावर ठसठशीत कुंकू लावले. निसर्गदर्शन विराम पूर्ववत सुरू आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण आधी खाली जाऊन स्वतःच्या स्कूटरचा मीटर बघून या. दसऱ्याला काढलेले स्वस्तिक अजून काचेवर असेल. त्याच्याआड पेट्रोलचा काटा कुठे आहे, तेवढे सांगा. दिसत नाही? मग पुसा की.